चाकं तेवढी सोडून

गाड्या धुणारे अम बय्यूमी, म्हणजे बय्यूमीकाका, चाकांना हात लावत नाहीत, ही काळजी एहसानच्या मनातून काही केल्या जाईना. सकाळी चहाचा पेला घेऊन ती बाल्कनीत उभी राही आणि खाली पाही. मन्सूरा शहरातल्या तोरील भागातल्या त्या गल्लीतल्या गाड्या टपापासून दारांपर्यंत आरशासारख्या लखलखत असत, आणि खाली चाकं मात्र राखाडी चिखलाने माखलेली. नवाकोरा सूट घालून कुणी अनवाणी लग्नाला यावं, तसं दिसे ते.

एके काळी सगळं उलटं होतं. मन्सूरातले बाकीचे गाड्या धुणारे टपावर पाणी ओतून सुरुवात करत. बय्यूमी आधी चाकापाशी बसकण मारत. तळहात लावून ते गार आहे ना ते बघत, तापलेलं असलं तर गाडी सावलीत घ्यायला लावत. ब्रेकची काळी भुकटी काढायला दात घासायचे जुने ब्रश, नटांच्या खोबणींसाठी काडीला गुंडाळलेलं फडकं. टायर पूर्ण वाळला की ग्लिसरीन पाण्यात कालवून स्पंजाने त्याच्या बाजूंना चोपडत, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाला थेंब जरी लागला तरी लगेच पुसून काढत. पेट्रोलपंपाजवळचे लोक सरळ डिझेल फासत. "डिझेलनं टायर आज हसतो आणि महिन्याभरात रडतो," बय्यूमी म्हणायचे.

दातांचे डॉक्टर शौकी एकदा वरून ओरडले होते, "अहो, एका चाकाला किती वेळ? मी माझ्या बायकोकडे इतकं बघत नाही!"

"म्हणूनच ती सारखी माहेरी असते, डॉक्टर," बय्यूमींनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, आणि सगळी गल्ली हसली होती.

तरुणपणी ते टायरच्या दुकानात पंक्चर काढायचे. पाठ कामातून गेली तेव्हा बादली आणि स्पंज घेऊन या गल्लीत आले ते इथलेच झाले. बायको लवकर वारली. मुलगी इब्तिसाम याच फुटपाथवर उलट्या बादलीवर बसून पाढे म्हणत मोठी झाली. शाळेत तिला विज्ञान शिकवायला एहसानच होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा बय्यूमी गल्लीभर सरबत वाटत फिरले होते.

जावई हिलाल. भला मुलगा. गेल्या उन्हाळ्यात त्याने जुनी टॅक्सी विकत घेतली. घरच्यांनी रीतीप्रमाणे बकरा कापला, टॅक्सी त्या रक्तावरून पुढेमागे नेली, आणि हिलालच्या आईने रक्तात बुडवलेला पंजा बॉनेटवर उमटवला. नजर लागू नये म्हणून. हे रक्त कुणी धूत नाही. ऊन-धुळीनं ते आपसूक जाईपर्यंत तसंच राहू देतात.

हिलाल ती टॅक्सी सासऱ्यांना दाखवायला घेऊन आला आणि किल्ली त्यांच्याकडे देऊन जेवायला गेला. बय्यूमींनी बॉनेटवरच्या पंजाला बोटसुद्धा लावलं नाही. पण चाकं! जाळीत वाळलेलं तपकिरी रक्त, त्यावर माश्या, टायरच्या खाचांत चिकटलेले केस. मळकं चाक दिसलं की आयुष्यभर ज्या हातांनी ब्रश उचलला, त्या हातांनी तेच केलं. हिलाल परतला तेव्हा चारी चाकं शोरूममधून आल्यासारखी दिसत होती. "वा, अम्मी!" तो म्हणाला. सासऱ्याला तो अम्मीच म्हणायचा, म्हणजे काका. राखणीचं रक्तही धुतलं गेलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात दमिएत्ताच्या रस्त्यावर उलट्या दिशेने आलेल्या ट्रकने टॅक्सी चिरडली. हिलाल वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि पाय आखूड झाला. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याची आई, उम्म हिलाल, सगळ्यांदेखत किंचाळली, "तू धुतलंस! माझ्या पोराची राखण तू गटारात सोडलीस! तुझी सावली नको आमच्यावर!"

बय्यूमी तसेच बाहेर पडले. गल्लीत परत आले आणि एहसानची वाट बघत जिन्यापाशी बसून राहिले.

"उम्म सामी," म्हणजे सामीची आई, अशी तिला मुलाच्या नावाने हाक मारत ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. खोटं बोलणार नाही तुम्ही. चाकं धुतली म्हणून झालं का हे?"

नाही, इतकंच म्हणायचं होतं. ट्रक चुकीच्या बाजूने आला होता, पोलिसांनी तसं लिहूनही घेतलं होतं. पण समोरच सामीची गाडी उभी होती. एहसानचा एकुलता एक मुलगा सामी त्याच महिन्यात ती चालवत दूर समुद्रकाठच्या घुर्दकाला नोकरीवर जायचा होता, आणि तिच्या दारावर एहसानच्या स्वतःच्या हाताचा रक्ताचा पंजा होता. विज्ञान शिकवणाऱ्या बाईचा पंजा. "याला पाणी लावू नका हं," असं तिनेच बय्यूमींना बजावलं होतं. आता "नाही" म्हटलं तर आपल्या पोराभोवतीचं काहीतरी सैल होईल, अशी एक खुळी भीती तिला वाटली.

"देवाची मर्जी, अम बय्यूमी," ती म्हणाली. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान डोलवली. त्यांना जे ऐकायचं नव्हतं, ते त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते गाड्या धूत, चाकं तेवढी सोडून. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही पंपाकडे वळली. शौकी डॉक्टरांनी थट्टा करून पाहिली, हसू कुणालाच आलं नाही. मुलीच्या घरी तर त्यांनी पाऊलही टाकलं नाही. इब्तिसाम दिवस राहिल्याचं सांगायला आली, तेव्हाही तिला दुरूनच दुवा देऊन त्यांनी परत पाठवलं.

आणि आज सकाळी इब्तिसाम पुन्हा आली, बाळंतपणाने पिवळी पडलेली, धापा टाकत.

"अगं, अशा अवस्थेत जिने कशाला चढलीस?" एहसान ओरडली.

"मावशी, उद्या मुलाचा सातवा दिवस. बाळाला झुलवायची चाळणी आणली, मेणबत्त्या आणल्या, त्याच्या कानाशी खलबत्ता सासूबाईच कुटणार म्हणतात. बाबा येत नाहीत. म्हणतात, माझी सावली त्या लेकरावर नको."

"आणि सासूबाई?"

"त्या विरघळल्यात. म्हणतात, रागाच्या भरात बोलले, येऊ दे की त्याला. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा ना त्यांना. तर म्हणे, 'मी वरमाय, मी कशाला पायऱ्या उतरून त्याच्या दारी जाऊ?'" इब्तिसामचे डोळे भरले. "बाबा तुमचंच ऐकतील, मावशी."

तिला टॅक्सीत बसवून देऊन एहसान तशीच फुटपाथवर गेली. बय्यूमी शौकींच्या गाडीची काच पुसत होते.

"अम बय्यूमी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. उत्तर नाही असं आहे. चाकं धुतल्यानं काही झालं नाही. चूक ट्रकची होती."

त्यांचा हात थांबला नाही. "मग त्या दिवशी का नाही म्हणालात?"

"घाबरले होते. माझ्या सामीसाठी."

"म्हणजे तुम्हालाही वाटलं होतं." ते हे चिडून बोलले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. "उम्म सामी, तुमचा आदर आहे मला. माझी पोर रडली म्हणून तुम्ही आज आलात, हे मला कळतं. पण ज्या बाईच्या पोराचं मी नुकसान केलं, तिच्या दारात मी तुमच्या शब्दावर कसा जाऊ? तिनं जा म्हटलंय मला. ये कुठे म्हटलंय?"

"ती मनातून..."

"मनातलं मला काय दिसतंय?" त्यांनी फडकं पिळलं. पाणी मळक्या चाकावरून ओघळत खाली गेलं. ते त्याच्याकडे न बघता पलीकडच्या दाराकडे वळले.

एहसान वर आली. आपलं "नाही" आता कवडीमोलाचं झालं होतं. ते ज्या दिवशी हवं होतं, तो दिवस गेला. वर्षभरात किती वेळा ती या जिन्यावरून उतरली, किती वेळा त्यांच्या समोरून भाजीची पिशवी घेऊन गेली, आणि एकदाही थांबली नाही. आता शब्द हवा होता तो दुसऱ्याच बाईचा.

उम्म हिलाल तोंडाने फटकळ होती. "तुम्ही कोण मधे पडणार?" असं ती हमखास विचारेल. विचारू दे. इस्पितळातल्या त्या किंकाळीत काय होतं, हे एहसानला नेमकं ठाऊक होतं. तीच भीती तिने स्वतः जिन्यापाशी गिळली होती. एक आई दुसरीला तेवढं तरी सांगू शकते: बाई, आपण दोघींनी मिळून त्या माणसावर आपलं भय टाकलंय. तू ओरडून, मी गप्प बसून. तुझा मुलगा जिवंत आहे, नातू झालाय. त्या आजोबाला तुझ्या तोंडाने बोलाव.

दुपारच्या अजानला अजून वेळ होता. तिने इब्तिसामला संदेश पाठवून सासूचा नंबर मागवून घेतला आणि फोन हातात घेऊन बसली.