आईचं इंग्रजी

आज आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, शेजाऱ्यांनी गाडीपुढे कुंकू भरलेला कोहळा आपटला. त्या कच्च्या, ओल्या वासाने मला थेट लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या घरात नेलं.

पणजोबांच्या फौजेतल्या तलवारीची पूजा कोणी करायची, यावरून अप्पा आणि काका हातघाईवर आले होते. उघडं पातं अप्पांनी धरलेलं, मूठ काकांच्या हातात. “बिडो, सोड, नाहीतर मुंडकं उडवतो,” असं कन्नडमध्ये ओरडत काकांनी हिसडा दिला. पूजेच्या झेंडूवर रक्त सांडलं.

आई शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने पदर अप्पांच्या हाताला गुंडाळला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, “आय थिंक वी हॅड बेटर गो टू द हॉस्पिटल.” आमच्या घरात शिव्या कन्नडमध्ये आणि शहाणपणाचे निर्णय इंग्रजीत, अशीच रीत होती. काकांनी तलवार खाली ठेवली आणि स्कूटर काढली.

मला तेव्हा आईचा संताप आला. रक्ताची धार लागलीय आणि ही ‘मला वाटतं’ म्हणतेय. आज कळतं, तिने ‘चला’ असा हुकूम सोडला असता तर दोघांपैकी एकही हलला नसता. त्या वाक्यात कोणालाच हरावं लागलं नाही.

अप्पांची दोन बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत.