न पाहता दिलेलं औषध

बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबी गावात माझं मेडिकल स्टोअर आहे. मोठी बहीण जवळच सुलतानपूरला दिलेली. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीनच्या सोंगणीत ती दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "छातीखाली नागीण उठली रे. गेरू लावला, पण उतरून नाही राह्यली."

"आग होते का?"

"नाही होत."

नागीण म्हणजे अंगाची आग. ती नाही म्हणाली तिथंच मला खटकायला हवं होतं. पण बहिणीला छाती दाखव कसं म्हणणार? मी गोळ्या आणि लावायचं औषध दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, तेव्हा खरजेची ट्यूब दिली. मग त्याहून कडक दुसरी. एकदा म्हणालो, "दवाखान्यात दाखव."

"घरचं मेडिकल असताना दवाखाना काऊन?"

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

संक्रांतीला ती आमच्याकडे आली. बायकोने तिला आतल्या खोलीत नेऊन पाहिलं आणि घाबरीघुबरी बाहेर आली. "पाण्याचे फोड नाहीत हो ते. टणक गाठी हायेत, पार पाठीपर्यंत. अन् छातीतही एक मोठी गाठ हाय."

"कधीपासून?" मी बहिणीला विचारलं.

ती खाली पाहत म्हणाली, "वरीस झालं असंल. दुखत नव्हती, मंग कोणाले सांगू?"

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. स्तनाचा कॅन्सर आतून कातडीत उतरला होता. "हुबेहूब नागिणीसारखा दिसतो," ते म्हणाले. तीन महिने आधी आणली असती तर, असं मी विचारलं. त्यांनी रिपोर्टची घडी केली आणि केमोबद्दल बोलू लागले.

केमोने काही दिवस वाळल्यासारखं झालं, मग सगळं चिघळलं. पट्टी बदलायला मी रोज सुलतानपूरला जायचो. आता तिला पदराचं भान नव्हतं, मला नजर वळवायची सोय नव्हती. पट्टी सोडताना ती दात आवळून म्हणायची, "तुह्या हातानं दुखत नाही." तिला दुखत होतं.

उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला मी तिच्या नवऱ्यापुढे जाऊन बसलो. म्हणालो, "भाऊजी, मले बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या."

त्यांनी जेवणाचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"जेवून घे," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी हायेस."