भूमितीपर्यंत न टिकलेली सरकारं

नारायण पेठेतलं माणूस स्वारगेटच्या पलीकडे गेलं की आमच्याकडे ती परदेशवारी धरतात. मी परवाच्या गुरुवारी कोंढव्याला जाऊन आले, तेव्हा प्रवासवर्णन लिहायचा मला पूर्ण अधिकार आहे.

निमित्त नसरीनचा फोन. आम्ही दोघींनी एकाच शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. तिच्या गल्लीतल्या मदरशाचे मौलाना मार्चमध्ये सतरा नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे बाहेरून) दहावीला बसणार आहेत, वय अठ्ठेचाळीस, आणि गणिताला कोणी नाही. "माझे डोळे गेले. तू घरी बसून करतेस काय?" म्हणाली. खरं होतं, म्हणून राग आला. राग आला, म्हणून गेले.

स्वारगेटला बस बदलली. कंडक्टर म्हणाला, "खुर्द का बुद्रुक?"

"मदरसा जिथे आहे तिथे."

"तो दोन्हीकडे आहे. तिकीट एकाचंच मिळेल."

अर्थातच चुकीच्या स्टॉपवर उतरले आणि भर उन्हात चढ चढले. एका शिंप्याला रस्ता विचारला. त्याने मशीन थांबवलं. "सर्व्हेवाल्या का?"

"नाही, गणितवाली."

"मग डावीकडे."

मदरशात मुलं डोलत हिफ्ज (कुराण पाठ) करत होती. मौलाना उंच, दाढीला मेंदी. बसायला खुर्ची दिली आणि जपून विचारलं, "कुठल्या योजनेतून आलात, बाई?"

"पीएमटीतून."

ते हसले, मग मी परीक्षा घेतली. वर्गसमीकरण घातलं, तर गृहस्थांनी माझ्याआधी सोडवलं. पायथागोरस विचारला, तर पायांकडे बघायला लागले.

"त्याचं असं आहे बाई, एका सरकारला मदरसे आधुनिक करायचे होते. सर पाठवले. बीजगणित झालं, सरकार बदललं, सर गेले. दुसऱ्याने योजनेचं नाव बदललं, नवे सर पाठवले. त्यांनी पुन्हा पान एकपासून. वरून तसा आदेश होता. तेही बीजगणितातच गेलं. तिसऱ्याने सर पाठवलेच नाहीत, खिडक्या मोजायला माणसं पाठवली."

"किती भरल्या?"

"चौदा. पुढचं सरकार पुन्हा मोजेल. पण भूमितीपर्यंत एकही टिकलं नाही."

"पण या वयात दहावी कशाला हो?"

"मुलांना रोज सांगतो, कुराणही शिका, दहावीही करा. एकाने विचारलं, तुमची कुठाय?" ते हसले नाहीत. "नापास झालो तर पुन्हा कुठल्या तोंडाने सांगू?"

दुपारी नसरीनने दालचा (डाळ-दुधीची आंबटसर आमटी) पाठवला, माझ्यासाठी बिनगोश्ताचा. दोनदा वाढून घेतला. पेठेत बोभाटा नको.

मग भिंतीला शिडी लावली आणि तिच्यावरूनच पायथागोरस शिकवला. पहिलं उदाहरण चुकलं, दुसरंही. तिसऱ्याचं उत्तर बरोबर आलं, तेव्हा मौलानांनी ते मोठ्याने वाचलं आणि पाठ करणारी अख्खी खोली गप्प झाली. मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

निघताना ते दारापर्यंत आले. "मार्चपर्यंत याल ना, बाई?"

"अहो, मी काय सरकार आहे?" म्हटलं, आणि जीभ चावली. डिसेंबरात लेकाकडे अमेरिकेला सहा महिने जायचं तिकीट काढलेलं होतं. त्यांना तसं सांगायचा धीर झाला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली, पण बाहेर बघवेना. सकाळपासून मौलानांबरोबर मी सगळ्या सरकारांना हसत होते आणि मीही पुस्तक अर्धं टाकूनच पळणार होते. सरकारांना निदान पाडावं लागतं. लाज वाटली. बाई म्हणवून घेते आणि हे?

घरी आल्यावर चपलाही न काढता लेकाला फोन लावला. "तिकीट बदल. एप्रिलमध्ये येते."

"का गं? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? मौलानांची दहावी आहे."

मग म्हणाला, "कुणाची?"