पिल्लू आधी चढतं

फर्दापूरच्या कडूबाईंनी चाळीस वर्षं गावरान कोंबड्या पाळल्या. लेणी बघायला येणाऱ्यांसाठीच्या खानावळींत त्यांचीच अंडी जात. शाळा त्यांनी पाहिली नव्हती; पण कोणती कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसणार, हे त्या नुसत्या चालीवरून सांगत.

शेजारची प्रेरणा शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सुट्टीत अंडी घ्यायला आली, तेव्हा तिनं बोलता बोलता आपली अडचण सांगितली. पहिली पाखरं उडाली कशी? कुणी म्हणतं झाडावरून उड्या टाकत, कुणी म्हणतं जमिनीवर पळत. पण पुरता पंख फुटायच्या आधी अर्धवट पंखाचा उपयोग काय, असं मुलं विचारत आणि तिला पटवून देता येत नसे.

कडूबाईंना नवल वाटलं. "अर्धा पंख लई कामाचा, पोरी. मुंगूस आलं की पिल्लू उडत नाय, चढतं."

त्यांनी भिंतीला फळी तिरपी टेकवली आणि वर कोंबडीला बसवलं. तीन आठवड्यांची पिल्लं पंख फडफडवत आईकडं धावत चढली. त्या फडफडीनं अंग फळीकडं दाबलं जात होतं, म्हणून पाय घसरत नव्हते, हे प्रेरणाच्या लक्षात आलं. ती हरखली. मग पिसांवाचून चढता येतं का हे ताडून बघायला दोन-चार पिल्लांची पिसं कापू या, म्हणाली. कडूबाईंनी साफ नकार दिला. डालग्याखाली दोन दिवसांची, अजून पिसं न फुटलेली, नुसत्या लवेची पिल्लं होती. ती काढून त्यांनी फळीपाशी सोडली. सगळी अर्ध्यातून घसरली.

मग प्रेरणा दर रविवारी कोनमापक घेऊन येऊ लागली. पिल्लं वाढली तशी दोघी फळी जास्त जास्त उभी करत गेल्या. एक तुरेवालं तर सरळ भिंत चढलं आणि तोल जाऊन कडूबाईंच्या परातीतल्या पिठात पडलं. दोघी पोट धरून हसल्या.

पुढं कॉलेजातून कडूबाईंना बोलावणं आलं. टोपलीत पिल्लं घेऊन त्या एस.टी.नं गेल्या. एका मुलीनं विचारलं, म्हणजे उडणं असंच सुरू झालं का? प्रेरणा उत्तर देणार, तोच कडूबाई म्हणाल्या, "म्या कोंबडीची पिल्लं पाह्यली. तवाची पाखरं कुणी पाह्यली? असंल, एवढंच म्हणायचं."

प्रेरणानं फळ्यावर लिहिलेलं 'उडणं असंच सुरू झालं' हे शेवटचं वाक्य पुसलं आणि 'असेल' जोडून पुन्हा लिहिलं. आता दरवर्षी नवा वर्ग फर्दापूरला येतो. कडूबाई पिल्लं हातात देण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावतात.