वेल्डाच्या जीटीओ

आमच्या पॉन्टिॲक गावात वेल्डा नोविकीने रंगवलेला पत्रा नाही असं गॅरेज त्या काळी शोधावं लागे. गाड्यांच्या कारखान्याच्या रंगखात्यात तिने उमेदीची वर्षं घालवली होती. कारखाना बंद पडल्यावर ती घरी बसून पोलादी पत्र्यावर लोकांच्या जुन्या गाड्या काढू लागली. जीटीओ, शेवेल, रोडरनर. ज्याची गाडी, त्याचं ती आधी तासभर ऐकून घ्यायची आणि मगच ब्रश उचलायची.

गिऱ्हाइकाशी बोलण्याचालण्याचं काम डोरीनचं. डोरीन हॅस्केट ही कारखान्यात वेल्डाच्या शेजारी उभी राहून काम करायची. डोरीनचा नवरा गेला तेव्हा वेल्डा महिनाभर तिच्या घरी झोपायला होती. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर गाड्यांची जत्रा भरली की दोघी एकाच छत्रीखाली पत्रे मांडून बसत. वेल्डा अबोल, डोरीन तोंडाळ. प्रत्येक पत्रा पुरा झाला की डोरीन त्याचा फोटो काढून ठेवायची. आठवण म्हणून, असं सांगायची.

एका मे महिन्यात वेल्डाचं जुनं गिऱ्हाईक मर्ल टिबिट्स तिच्या अंगणात आला. मी कुंपणापलीकडे गवत कापत होतो. त्याच्या हातात दुकानातून आणलेला छापील पत्रा होता. त्यावर त्याचीच हिरवी जीटीओ होती.

"हायवेवरच्या दुकानात ढिगाने लावलेत," तो म्हणाला. "एलेनचा पोचा कुठे गेला?"

मर्लची बायको एलेन ती गाडी चालवायला शिकताना टपालपेटीच्या खांबावर आदळली होती. एलेन वारल्यावर मर्लने मागच्या चाकावर तेव्हा पडलेला तो पोचा कधी दुरुस्त केला नाही, आणि वेल्डाकडून चित्रातही मुद्दाम रंगवून घेतला होता. छापील पत्र्यावरचं अंग मात्र गुळगुळीत होतं. कोपऱ्यात वेल्डाच्या नावाऐवजी 'डोरीन एच.' असं होतं.

"मर्ल, मी हे विकलं नाही रे."

"मग चित्र काय चालत गेलं?" एवढं बोलून तो गेला.

वेल्डा तशीच, रंगाने माखलेल्या एप्रनमध्ये, डोरीनकडे गेली. तिला एकटीला जाऊ देणं मला बरं वाटेना, म्हणून मीही गेलो. डोरीनने दार उघडलं, कॉफी घेणार का विचारलं.

"एलेनचा पोचा का पुसलास?" वेल्डाने विचारलं. नावाचा विषय तिने काढलाच नाही.

"छापणाऱ्याला स्वच्छ गाडी हवी होती. वेल्डा, तू जन्मभर अंगणातच बसली असतीस. मी धडपड केली. गिऱ्हाईक माझ्यामुळेच यायचं ना?"

"मला विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," वेल्डा म्हणाली. "म्हणूनच विचारायचं होतंस."

त्या ऑगस्टला वेल्डा जत्रेत डोरीनशिवाय बसली; सोबतीला मी होतो. समोरच्या बाजूला डोरीनचा मोठा तंबू होता. एक जाडा माणूस वेल्डाचा पत्रा उचलून हसला. "बाई, समोर हेच निम्म्या भावात मिळतंय. नक्कल करता तर निदान दुसऱ्या गावात तरी बसा!"

डोरीनला ते ऐकू गेलं. तिने मान वर करून पाहिलं. एक शब्द पुरला असता. ती पुन्हा पत्रे पुसायला लागली.

वेल्डा माझ्याकडे वळून म्हणाली, "चोरलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं."

आम्ही दुपारीच आवरलं. काय घडलं ते मी मर्लला सांगितलं. त्याने डोरीनच्या दारात जाऊन शिव्या दिल्या आणि वेल्डाची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. त्यानंतर तिने कुठल्याच गाडीचं चित्र काढलं नाही. दोन वर्षांनी ती बहिणीकडे टोलिडोला राहायला गेली. डोरीन निरोपाला केक घेऊन आली होती. वेल्डाने दार उघडलं, केककडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.