इंजिनाखालचा पत्रा

नव्वद सालच्या आसपास नाल्यातल्या एका दगडापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. नरडाण्याजवळच्या आमच्या खेड्यापासून मी शिकवायचे ती शाळा दोन गावं पलीकडे. एसटी तिकडे फिरकत नसे. आमचे हे मला मोटारसायकलवर सोडायचे आणि मग स्वतःच्या कामावर जायचे. एका सकाळी नाला ओलांडताना इंजिन खालून दगडावर आपटलं आणि त्याला तडा गेला. आम्ही गाडी ढकलत घरी आणली. सासरे, म्हणजे आबा, ओट्यावरच बसले होते.

"बठ्ठं ऑइल गयं," ते म्हणाले. "आते पुन्हा गाडी फुटनी त नोकरी सोडी दे."

आबांचा शब्द म्हणजे शब्द. मी रागाने भांडी आपटली, पण कुणी विचारलं नाही.

इंजिन दुरुस्त होऊन शनिवारी आलं. ह्यांनी भंगारातून ट्रॅक्टरच्या मडगार्डाचा पत्रा आणला होता. तो वाकवून इंजिनाखाली बसवायचा, म्हणजे दगड लागला तरी पत्र्याला लागेल. पण रविवारी अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत आणि लोहाराचा भाताही बंद असतो.

"सोमवारी लोहाराकडे टाकू, मंगळवारी मिळेल," हे शांतपणे म्हणाले. ह्यांचा हा शांतपणा मला कधी सोसला नाही.

"आणि सोमवारी मी उडत जाऊ का?"

रविवारी सकाळी मीच पत्रा अंगणात ओढला. पायरीच्या दगडावर ठेवून त्याच्या एका टोकावर मी उभी राहिले, दुसऱ्या टोकावर हे हातोडी घालू लागले. आबा आतून ओरडले, "आज अमावस शे!" मी पदर खोचला आणि पाय तसूभरही हलवला नाही. पत्रा वाकला, पण वेडावाकडा. तो अडकवायला घेतलेल्या पट्ट्या तर हातानेच वाकत होत्या. दुपार कलली तरी जमेना, मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात आबा बाहेर आले. गोठ्यामागून त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची ती जाड लोखंडी पट्टी, ओढत आणली. तिचे तुकडे आधीच झालेले होते, बोल्टाची भोकंही होती आणि बाक तर आयता इंजिनाजोगा.

"सरका. तुमले जमत नही," असं म्हणत त्यांनी ह्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली. अमावास्येचं कुणी नाव काढलं नाही. मी तर मुळीच काढलं नाही. अंधार पडायच्या आत धावेच्या तुकड्यांवर पत्रा इंजिनाखाली घट्ट बसला.

सोमवारी नाल्यात खालून ठणकन आवाज आला. हे खाली वाकून बघेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते सांगायची सोय नाही. पत्र्याला मोठा पोचा पडला होता. ऑइलचा थेंबही गळाला नव्हता.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा आबा ओट्यावर नव्हते, फाटकातच उभे होते. "लागना का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते गुडघा धरत खाली बसले, गाडीखाली हात घालून पोचा चाचपला, मग इंजिनाचा तळ चाचपला. बोटं उजेडात धरून पाहिली. कोरडी होती.

पोचा काढायला त्यांनी ह्यांच्याकडे हातोडी मागितली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सकाय कितला वाजता जानं शे तुले?"