उत्तरं तिची हवी होती

नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी मी कॅन्सर झालेल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करत होते. भूमजवळच्या एका गावात, आमच्या वॉर्डात स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी गेले. मी प्रश्न तिला विचारायची आणि उत्तर तिचा नवरा द्यायचा. दुखतं का? "न्हाय, आता काय दुखत न्हाय." ऑपरेशन तिचं झालेलं आणि दुखतं की नाही हे हा सांगणार. घरच्यांचा आधार मिळतो का, तर म्हणाला, "आमी हाव की समदी."

त्याला उठवायचं म्हणून मी चहा मागितला. तो आत जाताच ती हळूच म्हणाली, "ताई, मला पिठाला हात लावू देत न्हाईत. म्या केलेली भाकरी कुणी खात न्हाय."

तो दोन कप आणि स्टीलचा एक गिलास घेऊन आला. गिलास त्यानं लांबूनच तिच्यापुढं सरकवला. "तिचा येगळा हाय, मॅडम. लागण नको."

माझं डोकं फिरलं. हा आजार शिवल्यानं होत नाही, हे वॉर्डात मीच त्याला समजावून सांगितलं होतं. मी माझा कप तिच्या हातात दिला, तिचा गिलास उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत रिकामा केला. मग आधाराचा प्रश्न पुन्हा विचारला. तो तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "तुम्ही नाही. त्या सांगतील."